यंत्र

जुनी इंदूरच्या शनिमंदिरात जाणाऱ्याला ‘यंत्र’ म्हटलं की तांब्याच्या पत्र्यावरची रेखाकृती आठवते. शब्दाच्या मुळाला तेही धरूनच आहे. संस्कृत ‘यम्’ म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. ज्यानं आवरलं जातं ते यंत्र. म्हणून ग्रहाला आवरणारी आकृती यंत्र, आणि उज्जैनच्या वेधशाळेतलं दगडविटांचं सम्राट यंत्रही यंत्रच. बोलीत त्याचं ‘जंतर’ झालं आणि प्रतिष्ठा जरा घसरली.

इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे कणत्वरक यंत्र आहे. त्याच्या कड्याचा परीघ १७२.५ मीटर, आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांचा एक उपयोग काय, तर डोळ्यांना न दिसणारं नक्षीकाम कोरणं!

त्या नक्षीच्या मापाहून खाली उतरलं की ‘नॅनो’. ग्रीक ‘नानोस’ म्हणजे बुटका. १९६० साली हा उपसर्ग अब्जांशासाठी मान्य झाला. (मराठी ‘अब्जांश’ मला अधिक नेमका वाटतो. तो माप सांगतो, कुणाची उंची काढत नाही.) या मापावर यंत्राचे भाग घडवण्याहून त्यांना आवरणं कठीण, कारण उष्णतेमुळे रेणू सतत इकडेतिकडे धडकत असतात. रसायनशास्त्रज्ञ बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये रेणूची मोटर प्रकाशाच्या जोरावर एकाच दिशेनं फिरवली. २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सोवाज आणि स्टॉडर्ट यांच्यासोबत मिळालं. औषध नेमक्या पेशीपर्यंत नेणारी अशी यंत्रं अजून प्रयोगशाळेतच आहेत. बाजारात मिळतात ती तांब्याची.