शुश्रूषेचें माप

घरांतील एखादा वडील मनुष्य अर्धांगवायूनें अंथरुणास खिळला, किंवा पडून त्याच्या मांडीचें हाड मोडलें, कीं इस्पितळांतून निघाल्यावर त्याला कोठें ठेवावें हा प्रश्न उभा राहतो. घरीं उचलण्यासवरण्यास माणसें नसतात. म्हणून शुश्रूषागृहांची चौकशी सुरू होते. चौकशीस गेलेला मुलगा फरशी पाहतो, खोलीचे दर विचारतो, पाटीवरच्या पदव्या वाचतो आणि परत येतो. येथें ठेवलेला आपला बाप सहा महिन्यांनीं काठी टेकीत चालेल, कीं निजून निजून त्याच्या पाठीला व्रण पडतील, हें त्याला फरशीवरून कळत नाहीं. चांगली शुश्रूषा ओळखावी कशी, हा प्रश्न दिसतो घरगुती. पण त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा इंग्लंडांत व पुढें अमेरिकेंत घडलेला आहे.

आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून करावा लागतो. हें नांव घेतलें कीं हातांत दिवा घेऊन रात्रीं रोग्यांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांपुढें येते. शाळेच्या पुस्तकांनीं हें चित्र इतकें रुजविलें आहे कीं, बाईंचा दुसरा हात हिशेबाच्या वहीवर होता ही गोष्ट मागें पडली. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ च्या नोव्हेंबरांत, त्या ३८ परिचारिकांसह कॉन्स्टँटिनोपलच्या समोरच्या तीरावरील स्कुटारी येथें पोंचल्या. तुर्की लष्कराच्या एका अफाट बराकींत ब्रिटिश सरकारनें इस्पितळ उघडलें होतें. खाटांच्या रांगा संपतां संपत नसत, खालीं गटारें तुंबलेलीं होतीं, आणि दप्तर असें कीं किती शिपाई मेले याचे निरनिराळे आंकडे एकमेकांशीं जुळत नसत. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथें उपचार घेणाऱ्या दर शंभरांत ४२ हून अधिक मरण पावत होते. मार्चमध्यें विलायतेहून आरोग्य-समिति आली. तिनें गटारें उपसलीं, पाण्याची व्यवस्था सुधारली, भिंतींना चुना काढला, वारा खेळता केला. जूनपर्यंत तोच आंकडा शेंकडा दोनांच्या आसपास उतरला.

दिव्याच्या चित्रांत या फावड्यांना जागा मिळालेली नाहीं. बाई स्वतः मात्र या बाबतींत निःसंदिग्ध होत्या. लंडनला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्यांनीं मृत्यूंची छाननी केली, आणि शत्रूच्या गोळीपेक्षां इस्पितळांतील घाणीनें अधिक शिपाई मारले, हें रंगीत आकृतींच्या द्वारें सरकारपुढें मांडलें. पुढें १८६० सालीं लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र-परिषदेंत त्यांचा एक नमुना चर्चेस आला. प्रत्येक इस्पितळानें एकाच प्रकारचीं सदरें भरावीं: वर्षारंभीं किती रोगी होते, नवे किती आले, बरे किंवा सुधारलेले किती, असाध्य म्हणून सोडलेले किती, मेले किती, वर्षअखेर उरले किती, आणि सरासरी मुक्काम किती दिवसांचा.

कल्पना उत्तम होती. पण पहिल्याच मापांत घोटाळा झाला. इस्पितळांवरील आपल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तींत बाईंनीं फारनें काढलेलें एक कोष्टक छापलें. त्यांत लंडनच्या २४ इस्पितळांचें मृत्युमान शेंकडा ९०.८४ आणि परगण्यांतील २५ इस्पितळांचें ३९.४१ दिलें होतें. वाचणाऱ्याला वाटावें, लंडनच्या इस्पितळांत गेलेल्या दहांपैकीं नऊ जण परत येत नसत! वस्तुतः भाजक चुकला होता. वर्षभरांतील मृत्यूंना एका दिवशीं हजर असलेल्या रोग्यांच्या संख्येनें भागलें होतें. समजा, दहा खाटांचें एक इस्पितळ आहे आणि प्रत्येक रोगी तेथें महिनाभर राहतो. म्हणजे वर्षांत १२० रोगी येऊन जातात. त्यांतील ९ दगावले तर मृत्युमान शेंकडा साडेसात. पण ९ ला खाटांवरच्या दहांनीं भागलें कीं तें शेंकडा नव्वद होतें. यांतील विपरीत प्रकार असा कीं, रोग्यांना लवकर बरें करून घरीं पाठविणारें व त्यांच्या जागीं नवे घेणारें इस्पितळच या गणितांत अधिक घातक ठरे.

वैद्यकीय पत्रांतून डॉक्टर या कोष्टकावर तुटून पडले, आणि तें योग्यच झालें. त्यांचा आणखी एक मुद्दा होता, तो आजहि जिवंत आहे. जें इस्पितळ कठीण रोगी घेतें त्याचे आंकडे वाईट दिसणारच, आणि जें त्यांना दारांतूनच परत फिरवितें त्याचे चांगले. तथापि या वादांत नाइटिंगेलबाईंचें मूळ म्हणणें खोटें पडलें नाहीं. रोगी बरा करण्यासाठीं बांधलेल्या घरानें त्याला निदान अपाय तरी करूं नये, आणि तो होतो कीं नाहीं हें मोजल्याशिवाय कळत नाहीं, एवढेंच तें होतें.

वरच्या नमुन्यांतील 'असाध्य म्हणून सोडलेले' हें सदर वाचून कोणीहि विचारील कीं, सोडलेले ते गेले कोठें? देणग्यांवर चालणारीं मोठीं इस्पितळें जुनाट दुखण्याच्या माणसांना ठेवून घेत नसत. ज्यांना घर होतें ते घरीं जात. ज्यांना नव्हतें ते १८३४ च्या कायद्यानें ठिकठिकाणीं उभ्या राहिलेल्या गरीबखान्यांत जात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें १८६५ सालीं आपले डॉक्टर पाठवून लंडनच्या गरीबखान्यांतील रुग्णविभागांची पाहणी करविली, तेव्हां बऱ्याच ठिकाणीं रोग्यांची शुश्रूषा दुसरे दरिद्री म्हातारेच करीत असलेले आढळले. १८६७ सालीं लंडनपुरता सुधारणेचा कायदा झाला. इमारती सुधारल्या, शिकलेल्या परिचारिका येऊं लागल्या. पण लकवा भरलेली म्हातारी आज काय करूं शकते आणि महिन्यानें काय करूं शकेल, हें विचारणारें सदर कोणत्याच वहींत उघडलें गेलें नाहीं. दर डोईं दर आठवड्यास खर्च किती, हें मात्र पैशापर्यंत लिहिलें जाई.

तें दुसरें सदर उघडण्याचें काम आणखी सत्तर वर्षांनीं डॉ. मार्जोरी वॉरेन या बाईंच्या हातून व्हावयाचें होतें. १९३० सालीं गरीबखान्यांचा कारभार जुन्या पालक-मंडळांकडून काढून कौंटी कौन्सिलांकडे देण्यांत आला. लंडनच्या पश्चिमेस आयझलवर्थ येथें वेस्ट मिडलसेक्स इस्पितळ होतें, आणि त्याला लागून असाच एक गरीबखाना होता. १९३५ सालीं त्याचे रुग्णविभाग इस्पितळाच्या ताब्यांत आले व त्यांची जबाबदारी वॉरेनबाईंवर पडली. खाटा ७१४. त्यांवर तरुण पांगळे, हाड मोडलेल्या वृद्धा, अर्धांगाचे रोगी आणि बुद्धिभ्रंश झालेले म्हातारे, सारे सरमिसळ पडलेले. कित्येक वर्षानुवर्षें उठले नव्हते. न हलविलेले गुडघे आंखडून पोटाशीं गेलेले, टांचांना व माकडहाडाला व्रण पडलेले. भिंती काळवंडलेल्या, दिवे मंद, खाटांना उंच कठडे. त्यांना कोणी मारीत नव्हतें, उपाशीहि ठेवीत नव्हतें. त्यांना निजवून ठेवलें होतें, आणि यालाच शुश्रूषा म्हणत.

बाईंनीं प्रथम प्रत्येक रोगी तपासला. कोणाला काय झालें आहे, तो कशामुळें पडून आहे, आणि त्यांतलें काय सुधारण्यासारखें आहे, हें लिहून काढलें. मग त्यांची वर्गवारी केली: उठून हिंडूं शकणारे, खाटेवरच असणारे पण मलमूत्रावर ताबा असलेले, तो ताबा गेलेले, बुद्धिभ्रंश झालेले पण शांत, आणि ज्यांना इतरांपासून निराळें ठेवणें भाग आहे असे. वर्गवारी झाल्यावर प्रत्येक वर्गाला निराळी शुश्रूषा देतां येऊं लागली. अर्धांगाच्या रोग्याला आधीं खाटेच्या कडेवर बसविणें, मग उभें करणें, मग दोन पावलें, मग स्वतःचे कपडे स्वतः घालणें, असा पाठ सुरू झाला. भिंतींना उजळ रंग आला, दिवे वाढले, चादरी रंगीत झाल्या, चालतांना धरण्यास कठडे बसले, कानाला लावून रेडिओ ऐकण्याची सोय झाली. या शेवटल्या सोयीला कोणी चैन म्हणेल. पण ज्याला ऐकण्यासारखें कांहीं नाहीं तो उठून बसण्याचा खटाटोप कशाला करील? डॉक्टर, परिचारिका, अंगमेहनत शिकविणारे आणि घरची परिस्थिति पाहणारे यांनीं एकत्र बसून एकेका रोग्याचा विचार करावा, ही पद्धतहि तेथें रुजली.

परिणाम खाटांवर दिसला. ७१४ खाटांचें काम कालांतरानें सुमारें २४० खाटांत भागूं लागलें, आणि मोकळ्या झालेल्या जागेंतील कांहीं क्षयरोग्यांना मिळाल्या. सगळे कांहीं आपल्या पायांनीं घरीं गेले असें नव्हे. कांहींना निवासगृहांत ठेवावें लागलें, कांहीं तेथेंच वारले, आणि कांहींचे सांधे इतके आंखडले होते कीं उपाय उरला नव्हता. तरीपण गरीबखान्याच्या हिशेबांत जी रिकामी खाट म्हणजे केवळ एक पडीक जागा होती, ती येथें यशाची खूण ठरली. वॉरेनबाईंनीं १९४३ व १९४६ सालीं वैद्यकीय पत्रांतून आपला अनुभव मांडला, तेव्हां वृद्धांचें वैद्यक ही निराळी शाखा म्हणून उभी राहूं लागली. १९६० सालीं एका परिषदेस जात असतां मोटारीच्या अपघातानें त्यांचा अंत झाला.

त्याच दशकांत दुसरीकडूनहि असेंच ज्ञान येत होतें. १९४४ च्या फेब्रुवारींत डॉ. लुडविग गुटमान यांनीं स्टोक मँडेव्हिल येथें पाठीचा कणा दुखावलेल्या शिपायांसाठीं विभाग उघडला. असे शिपाई तोंवर बहुधा व्रण चिघळून व मूत्रमार्गाच्या विकारानें मरत. गुटमान यांचा एक नियम असा कीं, दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, प्रत्येकाला कुशीवरून वळविलेंच पाहिजे. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास ते स्वतः रात्रीं फेरी घालीत. १९४८ च्या २९ जुलैला त्यांच्याकडे चाकाच्या खुर्च्यांत बसलेल्या १६ जणांनीं धनुर्विद्येचा सामना खेळून दाखविला. पुण्यास लढाईंत हातपाय गमावलेल्या जवानांसाठीं कृत्रिम अवयवांचें केंद्र निघालें तेंहि १९४४ सालींच. १९४७ सालीं डॉ. रिचर्ड अशर यांनीं तर अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका छोट्या लेखांत असे सांगितले कीं, विश्रांति म्हणजे औषध या समजुतीला त्यानें चांगलाच धक्का दिला.

शुश्रूषागृहांचें माप कायद्यानें घेण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला. १९६५ सालीं तेथील सरकारनें वृद्धांच्या व गरिबांच्या उपचाराचा खर्च उचलण्याचे कायदे केले. पैसा आला तशीं शुश्रूषागृहें वाढलीं, आणि त्यांच्याबरोबर तक्रारीहि. म्हाताऱ्यांना खुर्चीस किंवा खाटेस बांधून ठेवणें सर्रास चाले. १९८७ च्या कायद्यानें नोकरवर्गाच्या सोयीसाठीं असें बांधण्यास बंदी केली, आणि प्रत्येक रहिवाशाची ठराविक नमुन्यावर तपासणी करून त्याच्यापुरती योजना आंखणें सक्तीचें केलें. वॉरेनबाईंची वही आतां एका देशाच्या कायद्यांत आली होती. २००८ च्या अखेरीपासून सरकार प्रत्येक गृहाला एक ते पांच तारे देऊं लागलें: कांहीं निरीक्षकांच्या भेटीवरून, कांहीं परिचारिकांच्या संख्येवरून, कांहीं व्रण व पडझड अशा गोष्टींच्या प्रमाणावरून.

यांतील शेवटलीं दोन मापें गृहांनीं स्वतःच लिहून द्यावयाचीं होतीं. विद्यार्थ्यानें स्वतःचे गुण स्वतः भरल्यावर व्हावयाचें तें झालें. शेवटीं पगारपत्रकांच्या नोंदी सरकारकडे पाठविणें २०१६ पासून सक्तीचें झालें, २०१८ पासून ताऱ्यांत त्यांचा हिशेब होऊं लागला, आणि शनिवारीं-रविवारीं कित्येक ठिकाणीं हात किती कमी असतात हें बाहेर आलें. दुसरा प्रकार अधिक दुःखद आहे. गुंगी आणणारीं मनोविकारांचीं औषधें किती जणांना दिलीं जातात हेंहि ताऱ्यांत मोजलें जाई. पण ज्याला स्किझोफ्रेनिया आहे त्याला त्या मोजणींतून वगळलेलें असे. तेव्हां म्हाताऱ्यांच्या कागदांवर त्या रोगाचें नांव वाढूं लागलें. २०२१ सालीं हें वर्तमानपत्रांतून उघडकीस आलें, व २०२३ पासून तेथील सरकार अशा निदानांची पडताळणी करूं लागलें आहे. खोटें आढळल्यास तारे उतरतात.

महाराष्ट्रांत शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतानें १९४९ सालीं केला, तोच पुढें दुरुस्त होत चालत आलेला आहे. नोंदणी करतांना जागा, बांधणी, साधनें, आणि शिकलेला डॉक्टर व परिचारिका आहेत कीं नाहींत, हें पाहिलें जातें. तेथून गेलेला रोगी काठी टेकीत गेला, कीं चौघांनीं उचलून नेला, याची विचारणा त्या कलमांत नाहीं. ती चौकशीला गेलेल्या मुलानेंच करावयाची आहे: गेल्या वर्षीं पडून आलेल्यांपैकीं किती जण उठून गेले, येथें आल्यावर व्रण किती जणांना झाले, आणि रात्रीं दोन वाजतां कूस वळविण्यास कोण असतें.