फायबरग्लास : धागा आणि त्याचा जोडीदार

फायबरग्लासचा जन्म अपघाताने झाला, असे सर्रास सांगितले जाते. १९३२ साली अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा हवाबंद जोडण्याच्या खटपटीत होता. हवेचा जोरदार झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर पडला आणि तिचे बारीक तंतू उडाले. प्रसंग खरा आहे. पण त्याला जन्म म्हणणे पटत नाही. काच ओढून धागा करण्याची विद्या फार जुनी. प्राचीन इजिप्तचे कारागीर कुप्यांवर रंगीत काचेचे धागे गुंडाळून नक्षी काढत. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात एडवर्ड लिबी यांनी काचतंतू आणि रेशीम विणून केलेला पोशाखही मांडला होता. धागा होता, त्याच्या जोगे काम नव्हते.

ते का नव्हते, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांच्या १९२१च्या संशोधनात सापडते. काच फुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे. तंतू जितका बारीक, तितका मोठ्या चिरेला वाव कमी आणि ताण सोसण्याची ताकद जास्त. पण हा बलवान तंतू एकटा असला की दाबाखाली वाकतो आणि घासला की त्यावर चरे पडून दुबळा होतो. त्याला झाकणारे, जागी धरणारे, भार वाटून देणारे पॉलिएस्टर रेझिन हाती आले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर रडारची आवरणे बनली आणि १९५३मध्ये कॉर्व्हेट मोटारीची बाहेरची बॉडी उभी राहिली. पाण्याच्या टाक्या, मासेमारीच्या होड्या, पवनचक्कीची पाती ही त्याच जोडीची संतती.

यावर कोणी म्हणेल, १९३२च्या तंतूंतून थेट काचलोकर निघाली, तिला कुठे रेझिनचा साचा लागतो? आक्षेप रास्त आहे. पण काचलोकर उष्णता अडवते ती मुख्यतः तंतूंमध्ये कोंडलेल्या स्थिर हवेच्या बळावर. तिथेही धाग्याला जोडीदार लागलाच. फक्त तो वेगळा. म्हणून या पदार्थाचे मूळ एका अपघाती क्षणात शोधण्याऐवजी जुळलेल्या जोडीत शोधावे, असे मला वाटते. या जोडीची अडचणही तिच्या घट्टपणातच आहे: एकदा पक्के झालेले पॉलिएस्टर रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तुटलेली वस्तू आटवून नवी घडवता येत नाही. तेव्हा फायबरग्लास वर्षानुवर्षे टिकायला हव्यात अशाच वस्तूंसाठी वापरावे. चार दिवसांच्या सजावटीसाठी ते वापरणे चूक आहे.