गोळी आणि सलाईन

निपाणीत फुप्फुसाच्या कॅन्सरचं नाव निघालं की बोट आधी तंबाखूकडे जातं. 1981 मध्ये शरद जोशींबरोबर इथले शेतकरी ज्या तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसले, ती विडीचीच. तेव्हा बोट चुकतं असं नाही. पण या आजारावरच्या एका औषधजोडीची कुळकथा विडी न ओढणाऱ्यांपाशी येऊन पोचते.

जोडीची युक्ती मूळची क्षयरोगातली. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रोगी आधी सुधारायचा, मग जंतू औषधाला दाद देईनासे व्हायचे. 1950 च्या सुमारास ब्रिटनमध्ये त्याला ‘पास’ या दुसऱ्या औषधाची जोड दिली आणि हे बरंचसं थांबलं. पुढच्या दशकात अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइख यांनी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चार औषधं एकत्र वापरली. फुप्फुसासाठी प्लॅटिनमच्या औषधाला दुसऱ्याची साथ देणारी केमो त्याच वळणाची.

मग गेफिटिनिबची गोळी आली. केमोच्या जोडीला तीही द्यावी, हे कुणालाही सुचलं असतं. 2004 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले: फायदा शून्य! गोळी सरसकट सगळ्यांना दिली होती. ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असेल तिथेच ती नीट लागू पडते, हे त्याच वर्षी कळलं. आणि हा बदल धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त. माझ्या मते चुकली ती रुग्णांची निवड. बदनाम मात्र जोडी झाली.

ती पुन्हा उभी राहिली जपानमध्ये आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात. वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी हा बदल असलेले, आजार पसरलेले 350 रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि वर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनचं सलाईन. 2020 मध्ये निकाल छापला: आजार आवरून धरण्याचा मध्यम काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. फुकट नव्हे, तीव्र त्रास 25 टक्क्यांऐवजी 51 टक्के रुग्णांना झाला. तरी गोळीसकट ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे उपचार आवाक्याबाहेरचा राहत नाही.

वर्षानुवर्षं विडी ओढलेल्याच्या गाठीत हा बदल सापडण्याची शक्यता कमी. त्याच्यासाठी 2018 पासून दुसरी जोडी आहे, केमोबरोबर इम्युनोथेरपीची. तिची किंमत लाखांत.