आखाड्यातली माती आणि जिममधल्या प्लेटा

दिवाळीत चार दिवस कळंबला ताईकडे होतो. (मराठवाड्यातलं कळंब नव्हे. हे आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं.) चिवडा-अनारसे खाऊन पॅन्टचं बटण तक्रार करायला लागलं, तेव्हा भाच्याने एका पहाटे उठवून मला त्याच्या जिममध्ये नेलं.

जिम म्हणजे एक मोठा हॉल, दोन बेंच, डंबेल्सचा रॅक, चारी बाजूंना आरसे आणि कर्णकर्कश गाणी. मी मोठ्या उत्साहाने बेंचवर आडवा झालो, दहा-बारा वेळा बार वर-खाली केला आणि मग तिथेच बसून मोबाईल बघू लागलो. पाचेक मिनिटांनी उठून निघालो. मागून भाचा हळूच म्हणाला, "मामा, प्लेटा काहून तशाच ठेवल्या? जाग्यावर ठेवा नं. आन् बेंचवरचा घाम पुसा, मागं पोरं उभे आहेत."

खरं सांगतो, राग आला. ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो मला शिकवणार! घरी येऊन चहा पिताना हा किस्सा मी जरा तिखटमीठ लावूनच सांगितला. ताईचे सासरे, ज्यांना घरातले सगळेच आबाजी म्हणतात, ते खो-खो हसले. आबाजी तरुणपणी कुस्त्या खेळलेले. म्हणाले, "आमच्या वक्ताले असं केलं असतं, तं वस्तादानं शंभर बैठका माराले लावल्या असत्या."

मग पुढचा तासभर त्यांनी त्यांच्या गावच्या आखाड्याचे नियम सांगितले. चपला बाहेर. आत आल्यावर आधी मारुतीला नमस्कार, मग वस्तादाच्या पाया पडायचं, मग चिमूटभर माती कपाळाला लावायची. नखं वाढलेली दिसली तर त्या दिवशी कुस्ती नाही. मुगदल फिरवणाऱ्याच्या जवळून जायचं नाही, आणि फिरवून झाल्यावर ते दाणकन टाकायचं नाही, हळू टेकवायचं. मोठ्या पहिलवानाने लहान पोराशी जोड धरली तर ताकद दाखवायची नाही, डाव शिकवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माती. फावड्याने ती उकरायची, ढेकळं फोडायची, अधूनमधून तेल, ताक, हळद घालून मुरवायची, आणि जाताना सारखी करून जायचं. का? तर पुढचा जो पडेल, तो मऊ मातीवर पडला पाहिजे.

हे ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाचा सकाळी दुसरं काय सांगत होता? पुढचा येणार आहे, त्याची जागा तयार ठेवा. एवढंच!

इकडे परत आल्यावर या विषयावर थोडं वाचन केलं. व्यायामाबद्दल मराठीत केवढं लिहून ठेवलंय! बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोशच दहा खंडांचा आहे (१९३६ ते १९४९). आपला मल्लखांब घ्या. खांबाच्या व्यायामाचा उल्लेख थेट बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो, आणि आजच्या मल्लखांबाचं श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांना दिलं जातं. पण मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. खांब एक आणि पोरं वीस. म्हणजे पाळी आलीच. आपली उडी झाली की बाजूला व्हायचं, आणि दुसरा खांबावर असताना त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, कारण तो घसरला तर धरणार कोण? शिष्टाचार हा असा गरजेतून येतो, त्याला भिंतीवर पाटी लावावी लागत नाही.

बडोद्याचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडली. जुम्मादादा हे तिथले मुसलमान उस्ताद आणि माणिकराव त्यांचे हिंदू शिष्य. दादांच्या मागे माणिकरावांनी आखाडा वाढवला, कवायतीच्या इंग्रजी हुकुमांऐवजी आपल्या भाषेतले हुकूम आणले, 'राजरत्न' किताब मिळवला. पण संस्थेला नाव दिलं ते गुरूचं, जुम्मादादा व्यायाममंदिर. कपाळाला माती लावण्याचा अर्थ याहून चांगला कोणी सांगेल असं वाटत नाही.

आमच्या विदर्भातलं म्हणाल, तर शेजारच्याच जिल्ह्यात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाची तुकडी १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला गेली आणि तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. कुठे अमरावती, कुठे बर्लिन!

आता योगायोग बघा. याच बर्लिनमध्ये १८११ साली फ्रिडरिश यान नावाच्या शिक्षकाने मोकळ्या मैदानावर सार्वजनिक व्यायामशाळा सुरू केली होती. तिथले नियम पुढे छापलेही गेले. सगळ्यांनी साधे, एकसारखे जाडेभरडे कपडे घालायचे आणि एकमेकांना 'अहो-जाहो' न करता 'अरे-तुरे'च करायचं. म्हणजे मैदानावर कोणी मोठ्या घरचा नाही. किती छान, नाही? पण १९३३ साली याच परंपरेतल्या जर्मन व्यायाम संघटनेने ज्यू सभासदांना बाहेर काढलं. आणि १९३६ मध्ये, अमरावतीची मुलं तिथे खेळ दाखवत होती तेव्हा, ग्रेटेल बर्गमन ही उंच उडीतली ज्यू खेळाडू जर्मन संघाबाहेर होती. महिनाभर आधीच तिने १.६० मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली होती, तरीसुद्धा.

नियम तेच होते, फक्त 'आपण सगळे' या शब्दांतून काही माणसं वगळली गेली.

हे सगळं मी आबाजींना फोनवर उत्साहाने सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, "बघा, आमचा आखाडा कसा होता!" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याइथं एक जन होता. नदीवरून माती थो आने. चाळून, टोपल्यानं आखाड्याच्या काठापर्यंत आनून टाके. अंगानं असा, का दोघाले उचलन. पन आखाड्यात नाही उतरे."

"का?"

"उतरू नाही देत होते." मग जरा थांबून, "आमी नाही देत होतो."

मला काही बोलायला सुचलं नाही. ज्या मातीला आबाजी रोज कपाळ टेकवत, ती माती ज्याच्या डोक्यावरून आली, त्याच्यासाठी ती कधीच सारखी करून ठेवली गेली नाही. नियम शंभर होते. पुढचा कोण, हे मात्र आधीच ठरलेलं होतं. (नातेवाईक मंडळींनी कृपया रागावू नये. आबाजींना विचारूनच हे लिहितोय. ते म्हणाले, "लिहा. खरं हाय थे.")

फोन स्पीकरवर होता. आबाजींनी भाच्याला विचारलं, "त्याचा नातू येते का रे तुझ्या जिममधी?" भाचा म्हणाला, "आबाजी, तिथं कोण कोणाचा नातू आहे, हे कोण इचारते?"

मला हे उत्तर फार आवडलं. आबाजींनाही आवडलं असावं, कारण ते पुन्हा पुन्हा "असं काय, असं काय" म्हणत होते. अर्थात जिमला दर महिन्याची फी आहे, आणि ती सगळ्यांना परवडते असं नाही. ताई सांगत होती की बायकांसाठी दुपारचा एकच तास ठेवलाय, तोही बऱ्याचदा रद्द होतो. म्हणजे दार अजून पूर्ण उघडलंय असं कोणी समजू नये. पण फी भरून आत आलेल्या माणसाला आडनाव न विचारता बेंच पुसून मिळतो, हेही थोडं नाही.

तेव्हापासून इथल्या जिममध्ये मी प्लेटा उचलून जागेवर ठेवतो. बेंच पुसतो. माझ्यामागे कोण येणार आहे, ते बहुतेक वेळा मला माहीत नसतं. माहीत नसतं, तेच बरं आहे.

असो. तुमच्या गावात आखाडा होता का? आणि त्याची माती कोण आणत असे? घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर एकदा विचारून बघा.