सर्वण

सर्वण : गोवा राज्याच्या उत्तर गोवा जिल्ह्यात, डिचोली तालुक्यातील एक लहान गाव. शेजारच्या कारापूरसह त्याची कारापूर-सर्वण ही ग्रामपंचायत आहे. पणजीपासून डिचोली सुमारे 30 किमी. असून डिचोली व साखळी ही जवळची बाजाराची ठिकाणे होत. गावात मोठे स्मारक नाही. तरीही सहाव्या-सातव्या शतकापासून शिवकालापर्यंतच्या गोव्याच्या इतिहासाच्या खुणा इतक्या दाटीने सर्वणच्या आसपास आहेत, की इथे मुक्काम ठेवून परिसर पाहणे हाच या इतिहासाकडे जाण्याचा उत्तम मार्ग ठरतो.

हा सगळा पट्टा जांभ्या दगडाचा. वर उघडे सडे, उतारांवर काजू, सखल भागात भातशेती आणि वाहत्या पाण्याच्या कडेने माड-पोफळींची कुळागरे. पाणी पुरेल तिथे पावसाळी पिकानंतर वायंगणाचे भातही घेतात. लोहखनिजाच्या खाणींनी तालुक्याला रोजगार दिला आणि शेतांत लाल गाळही आणला. 2012 मध्ये व पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकांवर आणि बार्जींवर पोट असलेल्या घरांना त्याची मोठी झळ बसली.

डिचोली महालाचे जुने नाव भतग्राम. सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला व ‘नव्या काबिजादी’त मोडू लागला. पोर्तुगीजांनी आधीच जिंकलेल्या ‘जुन्या काबिजादी’तली देवळे सोळाव्या शतकातच जमीनदोस्त झाली होती. हा भाग तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असल्याने जुन्या काबिजादीतले देव नदी ओलांडून इकडे आले. डिचोलीच्या देवळांचा इतिहास समजायचा तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वर. हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत; त्यांच्या नाण्यांवर या देवाचे नाव आढळते. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग भाविकांनी खाडीपार नार्व्यात आणून बसवले. छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालयाची पुन्हा उभारणी आरंभली. दारावरील संस्कृत शिलालेखात शके 1590, कार्तिक वद्य पंचमी (नोव्हेंबर 1668) ही मिती असून शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचे नमूद आहे. लेख अगदी थोडक्या शब्दांचा आहे, पण पोर्तुगीज सरहद्दीच्या तोंडावर कोरलेला असल्याने त्याचे मोल फार मोठे. गर्भगृहावर घुमट, पुढे उतरत्या कौलारू छपराचा सभामंडप आणि अंगणात दीपस्तंभ अशी देवळाची आटोपशीर बांधणी आहे. जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. नार्व्यात आणि कुडण्यात कदंबकालीन जैन बस्तींचे भग्नावशेषही आहेत. त्यांच्याकडे फार थोडे प्रवासी वळतात, हे खेदाचे आहे.

डिचोली शहरालगतच्या पठारावर नमाजगा, म्हणजे नमाज पढण्याची जागा, आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला असता त्याचा मुक्काम काही काळ डिचोलीत होता. ही वास्तू त्याच्याच काळातली मानतात. मराठे व पोर्तुगीज यांच्यातील 1683-84 च्या संघर्षात त्याने मध्यस्थी केली होती. शहराजवळच लामगावची जांभ्यात खोदलेली गुंफा आहे.

साखळीजवळ हरवळ्याची लेणी आहेत. जांभ्यात कोरलेल्या खोल्यांत शिवलिंगे असून एका लिंगावर ब्राह्मी लिपीतील छोटा लेख आहे. ही लेणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. लोक मात्र त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. जवळच रुद्रेश्वराचे देऊळ व धबधबा आहे. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज लेण्यांपर्यंत पोचतो, दगड शेवाळून निसरडे होतात. तेव्हा तिथे जपूनच उतरावे.

कारापूरच्या हद्दीत, वाळवंटी नदीकाठी विठ्ठलापूर आहे. तिथले विठ्ठल मंदिर राणे घराण्याचे. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांविरुद्ध वारंवार उठाव करणारे राणे ते हेच. 1852 चा दीपाजी राणे यांचा उठाव त्यांपैकी प्रसिद्ध. चैत्रातील उत्सवात दोन्ही हातांत तलवारी घेतलेला वीरभद्र नाचत येतो. त्रिपुरारी पौर्णिमेला नदीवर त्रिपुरासुराचा वध दाखवतात आणि दिव्यांनी सजवलेल्या नौका पाण्यात सोडल्या जातात. हौशी कारागीर आपापल्या नौका तयार करून आणतात व त्यांची स्पर्धा होते. डिचोली-सत्तरीची खास घोडेमोडणी फाल्गुनातल्या शिगमोत्सवात पाहावी. कमरेला लाकडी घोड्याचे तोंड बांधलेला, फुलांनी सजलेला गडी ढोल-ताशांच्या तालावर तलवार परजीत पुढे-मागे नाचतो. नौका पाहायच्या तर कार्तिक, घोडेमोडणीसाठी फाल्गुन आणि हरवळ्याचा पुरा ओघ पाहायचा तर आषाढ-श्रावण हे महिने सोयीचे होत.