एकवीस गिनी, पन्नास पौंड आणि भिशीचे पैसे

सीताबर्डीवरचा एक जुना फोटो स्टुडिओ सहा वर्षांपूर्वी कायमचा बंद झाला. मालकाच्या मुलाने माळा रिकामा करायला घेतला तेव्हा काचेच्या निगेटिव्हची एक पेटी निघाली. कोणीतरी माझे नाव सुचवले. आठ दिवसांत परत देण्याच्या बोलीवर ती पेटी ऑटोरिक्षात मांडीवर धरून मी मनीषनगरच्या घरी आणली. चाळीस काचा होत्या. त्यांची नक्कल करायला कॅमेरा हवा म्हणून मी दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो, मेगापिक्सेलचा सर्वांत मोठा आकडा ज्या खोक्यावर होता ते उचलले, सोबत मिळणारी साधी लेन्स आणि एक स्वस्त गोल दिवाही घेतला. पांढऱ्या कागदावर काच ठेवायची, वरून दिवा लावायचा आणि बटण दाबायचे. चाळीस काचा दोन रात्रींत उरकल्या, पेटी परत केली.

चार महिन्यांनी मोठ्या पडद्यावर ते फोटो उघडले तेव्हा माझी चूक दिसली. मधला भाग बरा होता, कडा मात्र धुरकट. काचेवर दिव्याचे गोल प्रतिबिंब. एका काचेवर हातात पुस्तक घेऊन उभी असलेली नऊवारीतली बाई होती. स्टुडिओवाले गिऱ्हाइकाचे नाव काचेच्या कडेला लिहून ठेवत, तसे तिचेही होते. ते बरोबर त्या धुरकट कोपऱ्यात. मी धावत गेलो. मुलाने सहजपणे सांगितले, काचा गरम पाण्याने धुऊन फ्रेमवाल्याला दिल्या. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्याला ती जुनी काच होती आणि मला जे कळत होते ते मी वेळेवर केले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे लागला. शिकवणारे कोणी नसताना, हातात पैसा बेताचा असताना, आपल्या आधीच्या माणसांनी यंत्र कसे निवडले असेल? या विषयाचे माझे शिक्षण वाचनालयांतले आणि रद्दीतले. तरी जे हाती लागले ते मांडतो.

मागवणारे

पॅरिसमध्ये दागेरचे तंत्र १८३९ साली जाहीर झाले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि लगोलग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीतल्या पहिल्या हिंदी मंडळींपैकी. त्या काळी कॅमेरा निवडणे म्हणजे खरे तर रसायन निवडणे होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेला लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि ओला असतानाच धुवायचा. विलायतेत त्यासाठी जी मिनिटे मिळत ती आपल्याकडच्या उन्हात आणखी कमी होत. म्हणून लेन्सपेक्षा अंधाऱ्या तंबूची आणि पाण्याची सोय आधी पाहावी लागे. कोरड्या प्लेटा १८८०च्या दशकात बाजारात रुळल्या तेव्हा कुठे छायाचित्रकार मोकळा झाला. माझ्या चाळीस काचा या दुसऱ्या जातीच्या.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा मुंबईत स्वतःचा स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्स हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ते खेळ पाहून सावेदादांनी इंग्लंडातल्या रायली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला. किंमत एकवीस गिनी. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. हिशेब केला तर बावीस पौंड एक शिलिंग. पुढे थोड्याच काळात स्थिरावलेल्या पौंडाला १५ रुपये या दराने सुमारे ३३० रुपये. यंत्र न पाहता, केवळ वर्णनावर विसंबून एवढी रक्कम समुद्रापार पाठवायची! पण हा निव्वळ जुगार नव्हता. सावेदादा स्थिर छायाचित्रणात मुरलेले होते. लेन्स काय करते, प्रकाश किती लागतो हे त्यांना ठाऊक होते. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, १९०१ साली रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. दोन्ही विषय उघड्यावरचे, लख्ख उजेडातले. जे यंत्र आपल्याकडे आहे त्याला झेपेल तोच विषय घ्यायचा, हे शहाणपण मला त्यात दिसते.

भाड्याचे आणि पाहून घेतलेले

रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. नाटकाचे ते चित्रण होते. कॅमेरा, फिल्म आणि कॅमेरा चालवणारा गोरा माणूस ही सगळी सोय बोर्न अँड शेफर्ड कंपनीकडून झाली. फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली. ‘पहिला चित्रपट कोणता’ या वादात हीच गोष्ट तोरण्यांच्या विरोधात वापरली जाते. मला त्या वादात पडायचे नाही. पण यंत्र भाड्याचे असले की कामाचे श्रेयही भाड्याचे ठरते, असा न्याय आपण सर्रास करतो. लग्नाचा मांडव आणि भांडी भाड्याची असतात म्हणून लग्न भाड्याचे होत नाही. ज्याला एकच काम करायचे आहे त्याने कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे हा आजही सर्वांत हिशेबी मार्ग आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी मात्र स्वतः जाऊन यंत्र पाहायचे ठरवले. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना असे सगळे करून ते चाळिशीत आले होते. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. मग ते रोज तासन् तास चित्रपट पाहू लागले आणि डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचार आणि चष्मे यांवर ते सावरले. विमा पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२मध्ये त्यांनी लंडन गाठले.

तिथे त्यांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. आधी दुकानात गेले नाहीत. ‘बायोस्कोप’ या चित्रपट साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना भेटले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असे सांगितले, पण माणसाची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांनी काम कसे चालते ते डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. वरच्या दराने साडेसातशे रुपये. सोबत फिल्मला भोके पाडणारे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी. आधी जाणत्या माणसाचे ऐकायचे, मग काम करताना यंत्र बघायचे, मग किंमत विचारायची, असा हा क्रम. मी तो बरोबर उलटा केला होता.

परत आल्यावर फाळक्यांनी यंत्राची परीक्षा घेतली ती ‘अंकुराची वाढ’ या लघुपटाने. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत गेले. रोपटे पाहता पाहता वाढते, असे ते चित्र. हे दाखवूनच त्यांना भांडवल मिळाले. पण मला त्यात आणखी काही दिसते. कॅमेरा रोज त्याच जागी स्थिर राहतो का, फिल्म तंतोतंत एक चौकट सरकते का, उजेड बदलला तर चित्र किती बदलते, या सगळ्या गोष्टींची एका वाटाण्यात तपासणी झाली.

भोके पाडणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. कच्ची फिल्म कोरी येई. तिला दोन्ही कडांना भोके पाडावी लागत आणि तेही अंधारात. हे काम सरस्वतीबाई फाळके रात्री करीत. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी, दर चौकटीला प्रत्येक बाजूस चार भोके. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोके होतात आणि वाया गेलेली फिल्म यात धरलेली नाही. घरच्या दागिन्यांचा वाटा वेगळाच. ३ मे १९१३ हा दिवस आपण पाठ केला आहे. हा गुणाकार मात्र मी कोणाला करताना पाहिले नाही.

घडवणारे

कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटर या बंधूंकडे लंडनला जाण्याचे पैसे नव्हते. फाळक्यांचा चित्रपट पाहून त्यांनी जुना प्रोजेक्टर घेतला, तो उघडून त्याची रचना समजून घेतली आणि स्वतः कॅमेरा करायला बसले. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही आतून भावंडेच. एकातून उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. फिल्म थांबत थांबत पुढे नेणारी यंत्रणा दोन्हींत लागते. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन काम पुढे नेले आणि १९१८च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी.

बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यामुळे उजेडाकडे त्यांचे लक्ष चित्रकाराचे होते. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. कुंकू काळे उमटे, निळे आकाश पांढरे पडे. तेव्हा कोणता रंग, कोणता दिवा हे डोळ्याला काय दिसते यावर न ठरवता फिल्मला काय दिसते यावर ठरवावे लागे. जुन्या निगेटिव्हवर बायकांच्या कपाळावर पारदर्शक ठिपका दिसतो तो याचमुळे.

मनीषनगर

माझ्या लहानपणी आमच्या घरी निवड हा प्रकारच नव्हता. परदेशी कॅमेरा आयातीच्या निर्बंधांमुळे आवाक्याबाहेर होता. वडिलांकडे बडोद्यात तयार झालेला आगफा क्लिक थ्री होता आणि पुढे त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल. बारा फोटो. एक वाया गेला तर वडील दिवसभर बोलत नसत. निवड कमी असली की काळजी जास्त घेतली जाते, एवढे त्या घरात शिकलो होतो आणि पन्नाशीत विसरलो.

तीन वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका कुटुंबाकडून आणखी काचा मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मी पुन्हा कॅमेऱ्यांच्या किमती पाहू लागलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, आधी काच मोजा. मग कॅमेरा बघा.” ती शाळेत गणित शिकवीत असे. म्हणून मोजले. फुल प्लेट साडेआठ बाय साडेसहा इंच. चोवीस मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात ६,००० बाय ४,००० बिंदू. चार हजारांना साडेसहाने भागले की इंचाला सहाशेच्या वर बिंदू मिळतात. कडेचे हस्ताक्षर वाचायला ते पुरतात. मोठा आकडा नकोच होता. हवी होती ती कडेपर्यंत सपाट, रेखीव चित्र देणारी मॅक्रो लेन्स, काचेच्या खालून येणारा एकसारखा उजेड आणि न हलणारे स्टँड.

लेन्स जुनी घेतली. पहिली आली तिच्यात टॉर्च मारून पाहिले तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती; समुद्रकाठच्या दमट हवेत ती धरते. परत केली. दुसरी घेण्याआधी दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे शेअरभावांचे पान चिकटवून फोटो काढले आणि चारही कोपऱ्यांतले आकडे वाचता येतात का ते पाहिले. दुकानदार वैतागला, पण मी हटलो नाही. खालच्या उजेडासाठी रंग खरे दाखवणारे एलईडी पॅनेल घेतले आणि त्यावर दुधी अॅक्रिलिक बसवले. स्टँड वस्तीतल्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी चौकटीतून करून दिले. जवळून मालगाडी गेली की सगळे किंचित थरथरते, म्हणून काम रात्री गाड्यांच्या मधल्या वेळात, दोन सेकंदांचा टायमर लावून.

या सगळ्याचे पैसे बायकोच्या भिशीतून आले. सरस्वतीबाईंचे दागिने, तानीबाईंचे भांडवल यांबद्दल मी तिला उत्साहाने सांगत होतो. तिने शांतपणे विचारले, “मग त्यांचं नाव पाटीवर होतं का?” उत्तर मला ठाऊक होते. या लेखाच्या मथळ्यात भिशी आली आहे ती त्यामुळे.

इतवारीच्या त्रेपन्न काचा आता पूर्ण झाल्या आहेत. कडेवरची नावे वाचता येतात, काही मोडीत आहेत. पूर्वीच्या चाळिसांतली ती पुस्तक घेतलेली बाई मात्र अजून बिननावाचीच आहे. तो फोटो मी पुसलेला नाही. नवीन काच पॅनेलवर ठेवण्याआधी एकदा तो उघडतो, धुरकट कोपरा मोठा करून पाहतो आणि मग स्टँडचे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करतो.