लाकडी तक्तपोशी, मुंबई उपनगरांतील

लाकडी तक्तपोशी : तुळया व कड्या यांवर फळ्या ठोकून तयार केलेली मजल्याची जमीन. साष्टीतील जुन्या गावठाणांत तळमजल्याची जमीन चोपून सारवलेली वा फरशीची आणि माडीची मात्र लाकडाची, अशी रचना रूढ होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतर काळाच्या ओघात घाटकोपर, मुलुंड इ. स्थानकांभोवती वस्ती वाढली. तेथील जुन्या दुमजली घरांतही हीच पद्धत आढळते. सागवान प्रथम पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांतून व पुढे ब्रह्मदेशातून येई. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा या व्यापारात मोठा वाटा होता.

लाकडाची निवड हौसेपोटी झालेली नव्हती. दगड व वीट दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. त्यामुळे प्रबलित काँक्रीट प्रचारात येण्यापूर्वी सपाट मजला पेलण्यास लाकूड हेच सहज मिळणारे साधन होते. सागाच्या एका घनमीटराचे वजन सु. ६५० किग्रॅ., तर काँक्रीटचे सु. २,४०० किग्रॅ. असते. साहजिकच भिंती व पाया यांवरील भार कमी होई. खराब झालेली एखादी फळी सुटी काढून बदलता येई. लाकडातून उष्णता दगडापेक्षा फार कमी वाहते, म्हणून पायाला गारवा जाणवत नाही. पण थंड प्रदेशात मोलाचा असलेला हा गुण मुंबईच्या हवेत फारसा उपयोगी पडत नाही.

या मजल्यांचा खरा शत्रू पाणी. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक पावसाळ्यातील ओलीने व मोरीच्या गळतीने आतून कुजते, वाळवी तेथूनच शिरते आणि वरून मजला धडधाकट दिसत राहतो. ठोकून पोकळ आवाज येतो का हे पाहणे किंवा अणकुचीदार सळई टोचून पाहणे, ही जुन्या सुतारांची परीक्षा आजही उपयोगी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. अनेक ठिकाणी जुन्या फळ्यांवरच कोबा व शहाबादी फरशी घालून भार वाढविण्यात आला. अशा इमारती कोसळल्या की दोष लाकडाला दिला जातो. तो बव्हंशी अन्यायाचा आहे. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापन झाले, परंतु त्याचे क्षेत्र मुंबई शहरापुरतेच राहिले. उपनगरांतील भाडेकरूंना त्याचा आधार मिळाला नाही.

सार्वजनिक वास्तूंत लाकडी जमिनीचे स्थान अद्याप टिकून आहे. बॅडमिंटनच्या दालनात आडव्या पट्ट्यांवर बसविलेली फळी किंचित लवते व उडीचा धक्का गुडघ्यांपर्यंत कमी पोहोचू देते. कथ्थक वा लावणीतील पदन्यासाचा नाद पोकळीवरील फळीवर खुलतो. रंगमंचावर नेपथ्याचे टेकू खिळ्यांनी ठोकता येतात, ही नाट्यव्यवसायाच्या दृष्टीने लहानशी वाटणारी सोय मोलाची आहे.

अलीकडे सदनिकांत ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून घातली जाणारी जमीन पुष्कळदा लॅमिनेटची, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या फळीवर लाकडाच्या चित्राचा थर दिलेली असते. पाणी लागून ती फुगली, तर रंधा मारून सारखी करता येत नाही. सागाची फळी करता येते.